छताचं झाकण

पाळणा पालथा घातला तर आतून जसा दिसेल, तसं आमच्या चर्चच्या गाभाऱ्याचं छत खालून दिसतं. भिंतींतून दगडाच्या बरगड्या निघतात, वर जाता जाता बारीक होतात आणि मधोमध एकमेकींना भेटतात. त्या भेटतात तिथे एक गोल भोक आहे. स्वर्गारोहणाच्या सणाला येशूची लाकडी मूर्ती दोरीला बांधून त्या भोकातून वर ओढून घेतात. मूर्तीचे पाय दिसेनासे झाले की वरून फुलं आणि पातळ पापड्या पडतात, आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडून त्या वेचतात. माझी धाकटी अजून चालतही नाही, पण यंदा माझ्या कडेवरून तिने एक पापडी झेललीच. मुठीत तिचा भुगा झाला. भुगा तिने माझ्या केसांना पुसला.

भोक या सणासाठीच ठेवलंय, असं गावात सगळे सांगतात. पाद्रीबाबाही तेच सांगतात. ते माझ्या थोरल्या लेकीमुळे आहे हे मला ठाऊक आहे आणि गाश्पेरला.

गाश्पेर माझा नवरा. पाथरवट. खालच्या शहरातून मिस्त्रींबरोबर आला, आमच्या चर्चचा गाभारा नव्याने बांधायला. जुन्या गाभाऱ्याला लाकडाचं छत होतं. फळ्या वाळून अशा आखडल्या होत्या की फटींतून उन्हाच्या रेघा थेट वेदीवर पडायच्या, आणि वारा तर तिथे कायमचा वस्तीलाच. हिवाळ्यात पाद्रीबाबा प्रार्थनेला उभे राहिले की निम्म्या मेणबत्त्या विझत. ते लोकरीची टोपी कानांवर ओढून घेत आणि मंत्रामंत्राला शिंकत. उर्शाताई मला कोपर मारून म्हणायची, "ऐक, बाबा शिंकतातसुद्धा लॅटिनमध्ये."

उर्शाताई माझी सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी गाश्पेरशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा तिने परातीतलं पीठ माझ्यावर उडवलं होतं.

"दगड फोडणाऱ्याशी? संध्याकाळी घरी येईल तो कानात खडी भरून. तू बोलशील आणि त्याला ऐकूच जायचं नाही."

"मग संसार सुखाचाच होईल की, ताई."

"जा, कर. दगडाशी लग्न कर आणि दगडाची पेज शिजव." असं म्हणाली आणि माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच नाचली.

ताईचं एकच मूल. विद. तो मेलेलाच जन्मला.

आमच्याकडे बाप्तिस्मा न झालेलं मूल चर्चच्या आवाराच्या भिंतीबाहेर पुरतात, उत्तरेच्या अंगाला, जिथे खाजकुइली माजलेली असते. त्याला नाव नाही, त्याच्यासाठी प्रार्थना नाही. स्वर्गात पुढे आईची आणि त्याची गाठ पडत नाही. बाप्तिस्मा तर जिवंतालाच देता येतो. पण आमच्या गाभाऱ्यातली मारियामाता अशा लेकरांना घटकाभर परत आणते, असं मानतात. मूल तिच्या पायाशी ठेवायचं. चहूबाजूंनी निखाऱ्यांच्या शेगड्या. आणि ओठांवर बदकाचं एक मऊ पीस. पीस हललं की श्वास आला. मग पाद्रीबाबा लगेच डोक्यावर पाणी घालतात, नाव देतात, आणि मूल भिंतीच्या आत, आपल्या माणसांत निजतं. मात्र पीस हललेलं दोन बायकांनी बघायला हवं, आणि दोघींनी "पाहिलं" म्हणायला हवं. पार घाटापलीकडून लोक टोपलीत घालून लेकरं आणायचे.

विदचं पीस नुसतं हललं नव्हतं, उडालं होतं. ताई ते कितीदा सांगायची. "मारियामातेच्या पदरापर्यंत गेलं गं. एवढा मोठा श्वास घेतला त्याने. पाळण्यातलं मूल जांभई देतं ना, तसा." नंतर तिला मूल झालं नाही. पण ती रडकी झाली नाही. दर रविवारी विदच्या इवल्याशा कबरीवर ती भाकरीचा तुकडा ठेवायची आणि चिमण्या तो नेईपर्यंत बसून राहायची. तिला मूल आहे, फक्त पुढे गेलंय, अशा रीतीने ती जगायची.

नवं छत चढलं तेव्हा मला सातवा महिना होता. कमानी रचताना खाली लाकडाचा सांगाडा असतो. मधला दगड बसला की सगळ्या बरगड्या एकमेकींना पेलून धरतात आणि सांगाडा काढता येतो. तो मधला दगड बांगडीसारखा पोकळ ठेवला होता, कारण सामान वर ओढायचा दोर त्यातूनच जायचा. काम संपलं की वरून दगडाचं गोल झाकण बसवायचं, नक्षीची बाजू खाली. ते झाकण गाश्पेरने घरी अंगणात बसून कोरलं. मी शेजारी वरी निवडत बसायची.

"कोणाचा चेहरा हा?"

"देवदूताचा."

"देवदूतांच्या हनुवटीला खळी असते?"

"या एकाच्या असते." त्याने माझ्या हनुवटीवरच्या खळीला चुन्याचं बोट लावलं. "आता मला काय ठाऊक, कसा असतो तो. घरात दिसतं तेच कोरणार ना."

झाकण बसवून सांगाडा काढला त्या दिवशी तो मला ओढतच गाभाऱ्यात घेऊन गेला. मधोमध जमिनीवर एक मेणबत्ती लावली आणि मला म्हणाला, "बघ." ज्योत सुईसारखी सरळ उभी. लवतसुद्धा नाही. "फुंकर मारल्याशिवाय हलायची नाही. फट म्हणून राहिली नाही कुठे." पाद्रीबाबा मागून आले, त्यांनी टोपी काढली आणि टकलावरून हात फिरवला. "पोरा, तू माझं नाक वाचवलंस." तिघंही हसलो. पोटातल्या बाळाने पाय मारला, आणि छत बघून तीही खूश झाली असं मला वाटलं.

संत मार्टिनाच्या सणाला बदकं कापतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला कळा लागल्या. येरामावशी सुईण. गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातावर आलेलं. ती आधी खूप बोलत होती, माझ्या किंकाळ्यांना नावं ठेवत होती, "अशी ओरडतेस, तर शेजारची गाय पान्हा चोरेल" म्हणत होती. मग ती गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हाच मला कळलं.

मुलगी होती. मावशीने तिला पुसलं, लोकरीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "हनुवटी आईची," एवढंच म्हणाली. अंग अजून ऊन होतं. माझ्या अंगाचीच ऊब ती. मी तिच्या नखांना हात लावून बघितला. नखं पूर्ण झाली होती. कापायला येतील एवढी.

उर्शाताईने तिला माझ्याकडून घेतलं. "रडू नकोस. मारियामाता आहे ना. विद आला, तशी हीही येईल." तिने ते इतक्या सहज म्हटलं, जसं काही पोरीला शेजारच्या घरून बोलावून आणायचंय.

बाळंतिणीला शुद्धीची प्रार्थना होईपर्यंत चर्चचा उंबरा ओलांडता येत नाही. मी दाराबाहेरच्या पडवीत, दगडी बाकावर बसले. गाश्पेरने दोन घोंगड्या आणि मेंढीचं कातडं आणून माझ्याभोवती लपेटलं. दार आतून लावून घेतलं होतं, ऊब जाऊ नये म्हणून. पण दारात हाताएवढी झडप आहे, ती उघडून मला थेट गाभारा दिसत होता. पोर मारियामातेच्या पायाशी. शेगड्या लाल. एका बाजूला येरामावशी, दुसऱ्या बाजूला ताई, गुडघ्यांवर. पाद्रीबाबा पाण्याचं भांडं घेऊन तयार. पीस मला इतक्या लांबून दिसत नव्हतं. मेणबत्त्या दिसत होत्या.

सकाळची घंटा झाली. दुपारची झाली. मी मेणबत्त्या बघत होते. सगळ्या ज्योती सुईसारख्या सरळ उभ्या होत्या.

कधी समजलं ते सांगता येणार नाही. दूध उतू जाताना आधी कडेला नुसती थरथर दिसते, तसं ते माझ्या आत चढत आलं. जुन्या फळ्या. त्या फटी. विझणाऱ्या मेणबत्त्या. मारियामातेच्या पदरापर्यंत उडालेलं पीस.

आत येरामावशी हळू बोलली, पण नव्या छताखाली कुजबुजसुद्धा दारापर्यंत पोचते. "उर्शा, माझे डोळे म्हातारे. मला वाटतं हललं. मी म्हणते पाहिलं. तू म्हण."

ताई पिसावर आणखी वाकली.

"म्हण गं. एक शब्द आहे."

"हललं नाही, मावशी."

मग ताई उठली, दार थोडं उघडून बाहेर आली आणि माझ्यासमोर खालीच बसली. तिने माझे पाय मांडीवर घेतले. पाय गार पडले होते. ती ते चोळू लागली.

"मला नाही म्हणता आलं, पोलोना. मी आज खोटं म्हटलं, तर माझ्या विदच्या वेळी मावशीने खरंच म्हटलं होतं हे कशावरून? मी आयुष्यभर त्यावर उभी आहे गं. तू मला शिव्या दे. मार मला. पण माझा खरंच आला होता. याच झडपेतून मी डोळ्यांनी पीस उडताना बघितलंय."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिव्या द्यायच्या होत्या. ज्योती आठवल्या आणि तोंड उघडलं नाही.

"अजून येईल," ती म्हणाली. "अजून संध्याकाळ झाली नाही. मी जाते आत." आणि ती गेली.

ती गेल्यावर गाश्पेर आला. तो माझ्याजवळ बसला नाही, उभाच राहिला, पडवीच्या खांबाला धरून. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्यालाही समजलंय. माझ्या आधीच समजलं असणार. धूर कुठून कसा वर जातो हे त्याच्या धंद्यातलंच.

"मी वर जातो," तो म्हणाला. "माळ्यावर. झाकण सरकवतो. शेगड्यांची ऊब वर ओढली जाईल, खालून वारा उठेल. पीस हलेल."

"आवाज होईल?"

"दगड आहे. दगडावर दगड घासणार. चुना सांडेल थोडा."

"सगळे वर बघतील."

"बघू देत की. बघू देत, पोलोना. वर बघतील, मग खाली बघतील, पीस हलत असेल. बाबा पाणी घालतील. बास. आपली पोर आत येईल."

मला जा म्हणायचं होतं. अजूनही कधी कधी दूध पाजताना मी मनातल्या मनात जा म्हणते. तो जिन्याच्या छोट्या दाराकडे वळलाही होता.

"ताई पण वर बघेल," मी म्हटलं.

तो थांबला.

"ती वेडी नाही. झाकण सरकलेलं बघेल आणि पीस हललेलं बघेल. विदचं पीस का उडालं, ते तिला त्याच क्षणी कळेल. त्याच्या वेळी तर सगळं छत म्हणजे फटीच होत्या."

"ही आपली पोर आहे."

"तो तिचा आहे." माझा आवाज मला परका वाटला. "आणि आपल्याला तर ठाऊक आहे ना, तो वारा असेल म्हणून. वारा काय तिला देवापर्यंत नेणार? नको जाऊस, गाश्पेर. ताईचा विद मारू नकोस."

तो खूप वेळ त्या दाराची कडी धरून उभा होता. मग खाली बसला आणि माझ्या घोंगडीत तोंड खुपसलं. त्याच्या केसांतला चुना माझ्या ओठांना लागला.

संध्याकाळची घंटा झाली तेव्हा येरामावशीने पीस उचललं.

पोरीला भिंतीबाहेर पुरलं. पाद्रीबाबा भिंतीच्या आत उभे राहिले, कारण त्यांना बाहेर प्रार्थना म्हणता येत नव्हती. पण ते गेले नाहीत. टोपी काढून, गारठ्यात, काम संपेपर्यंत नुसते उभे होते. नाव ठरवलं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर घाटापलीकडून आणखी एक टोपली आली. तेही पीस हललं नाही. ती बाई आमच्या घरावरून परत गेली, टोपली पोटाशी धरून. उतारावर नवरा तिला आधार द्यायला जात होता आणि ती त्याचा हात झटकत होती. मी खिडकीतून बघत होते. छातीत दूध आलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"झाकण काढ," त्या संध्याकाळी मी गाश्पेरला म्हटलं.

"काय सांगू बाबांना?"

"शहरात स्वर्गारोहणाला मूर्ती वर ओढतात, तूच सांगितलं होतंस. तेच सांग. सण होऊ दे इथे."

पाद्रीबाबा आधी नाक धरून बसले. "पुन्हा वारा? पुन्हा माझी टोपी?" पण मूर्ती आकाशात जाणार म्हटल्यावर त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले. बर्फ वितळल्यावर गाश्पेरने दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, झाकण उचलून दोराने खाली सोडलं. ते कुठे ठेवायचं हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उत्तरेच्या भिंतीबाहेर गेले, तर माझ्या पोरीवर एक गोल दगड होता. साधा, सपाट. कोरलेली बाजू खाली. हात घालून बघितलं, तर मातीत बोटाला हनुवटीची खळी लागली. पोरं आता त्यावर बसून अक्रोड फोडतात.

पुढच्या हिवाळ्यात गिरणीवाल्याच्या लुत्सियाचा मुलगा तसाच जन्मला. तोवर माझी शुद्धीची प्रार्थना केव्हाच झाली होती. येरामावशीला आता गुडघ्यांवर बसवत नव्हतं, म्हणून लुत्सियाच्या सासूने मला आणि ताईला बोलावलं. मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. लेकराचे ओठ जांभळट होते. शेगड्यांच्या उबेने गाल हळूहळू गुलाबी दिसू लागले. पीस ओठांवर होतं. माझ्या मानेवर बारीक गारवा आला. मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला कलल्या, आणि पीस उठलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उठलं.

"पाहिलं," ताई म्हणाली. 

पाद्रीबाबांनी माझ्याकडे बघितलं. दारापलीकडून लुत्सियाचं हुंदके गिळणं ऐकू येत होतं. ती पडवीत होती, त्याच बाकावर.

"पाहिलं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. हललं होतंच.

परत येताना ताईने माझ्या हातात हात घातला. पाऊलवाट निसरडी होती. ती एकदा मागे वळली, चर्चच्या छपराकडे बघितलं आणि म्हणाली, "मला आज उमगलं बघ. जीव परत यायचा तर वरूनच येणार ना? त्याला वाट नको? जुन्या छताला फटी होत्या, तिथून माझा विद आला. गाश्पेरने मग सगळं इतकं घट्ट बंद केलं. तुझी पोरगी वर येऊन थांबली असणार गं. आत शिरायला वाटच मिळाली नसेल तिला."

मी चालत राहिले.

"कुणाला सुचलं नाही त्या वेळी," ती म्हणाली. "कुणी ते झाकण जरासं सरकवलं असतं तर." तिने माझा हात आणखी घट्ट धरला. "तुझी चूक नाही हो. कुणाला ठाऊक होतं."

"हो, ताई," मी म्हटलं.

तिच्या घराचं दार आलं. तिने मला आत ये म्हटलं, वरीची पेज ऊन आहे म्हटलं. मी नंतर येते म्हणाले आणि परत फिरले, उत्तरेच्या भिंतीकडे. बर्फ पडून गोल दगड दिसेनासा झाला होता. मी हातांनी तो मोकळा केला. मग बोटं त्याच्या कडेखाली घातली आणि, मला एकटीला जमणार नव्हतं हे ठाऊक असूनही, जरासा सरकवून बघितला.